अंदमानचा कोरडा हंगाम आणि रावेरकडचे एक कुटुंब: सहलीच्या नियोजनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदार कुटुंबाच्या अंदमान सहलीचे आहे. या नियोजनात मी सल्लागार म्हणून सुरुवातीपासून होतो. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत असून, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सहलीला आठ जण जाणार होते: पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे आजोबा, गुडघेदुखीने बेजार असलेल्या आजी, शेती पाहणारा थोरला मुलगा आणि त्याची पत्नी, जळगावला माध्यमिक शाळेत शिक्षक असलेला धाकटा मुलगा, त्याची पत्नी आणि त्यांची सहावीत व तिसरीत शिकणारी दोन मुले. थोरल्याचा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला असल्याने तो येणार नव्हता.

सहलीचे मूळ आजोबांच्या इच्छेत होते. सेल्युलर जेल एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलांना समुद्र हवा होता, सुनांना थोडी विश्रांती हवी होती आणि थोरल्या मुलाला आपल्या गैरहजेरीत बागेला वेळेवर पाणी मिळेल याची खात्री हवी होती. घरातील कोणीही त्यापूर्वी विमानाने किंवा खोल समुद्रातील बोटीने प्रवास केलेला नव्हता. आजवरचा त्यांचा समुद्र म्हणजे एकदा पाहिलेले गणपतीपुळे.

अडचण नेमकी कोठे होती

कुटुंबाने पहिल्या भेटीत दिवाळीच्या सुट्टीतील तारखा सांगितल्या. त्यामागचा विचार खान्देशातील कोणाही माणसाला पटेल असाच होता. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाऊस संपतो, कापूस घरात येऊ लागतो, आकाश निवळते आणि मुलांना सुट्टी असते. प्रवासाला याहून चांगला काळ कोणता?

परंतु आपला कोरडा हंगाम आणि अंदमानचा कोरडा हंगाम एकाच वेळी सुरू होत नाहीत. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. अंदमानात तो सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि दोन टप्प्यांत येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे केरळच्या आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमान समुद्रात पोहोचतात. ते माघारी फिरले की ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस येतो, आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे तयार होण्याचा एक मुख्य काळही हाच असतो. म्हणजे आपण दिवाळीचे फराळाचे डबे भरत असतो तेव्हा त्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होत असतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच हवामानामुळे बोटी बंद पडून हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक बेटावर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, अडकले होते आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदल व तटरक्षक दलाची जहाजे पाठवावी लागली होती. ही घटना मी कुटुंबाला घाबरवण्यासाठी सांगितली नाही. बेटावरून परतीचा रस्ता समुद्रातूनच जातो आणि तो कोणाच्याही हातात नसतो, हे नियोजन सुरू होण्याआधी घरातील प्रत्येकाला कळणे आवश्यक होते.

दुसरी मोठी सुट्टी मे महिन्याची. एप्रिल-मे हा उपसागरातील चक्रीवादळांचा दुसरा काळ आहे, आणि मेच्या उत्तरार्धात तेथे पावसाळाच सुरू होतो. शिवाय खान्देशात त्या सुमारास आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते, लेकी माहेरी येतात, लग्नसराई असते. घरातील थोरल्या स्त्रीने त्या दिवसांत घर सोडून जाणे आजींना मुळीच मान्य नव्हते.

उरला तो जानेवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ. समुद्र त्यातल्या त्यात शांत, पाऊस अगदी कमी, पाणी नितळ. पण आपल्याकडे हाच शाळा भरण्याचा, परीक्षांच्या तयारीचा, हरभरा-गहू काढणीला येण्याचा आणि केळीला थंडीपासून जपण्याचा काळ असतो. बेटांचा मोकळा हंगाम आणि घराचा मोकळा हंगाम एकमेकांना छेद देत होते, आणि त्यातून तारखा काढणे हेच या नियोजनाचे खरे काम होते.

विचारात घेतलेले पर्याय

आजींनी सुचविलेला पर्याय मालवणचा होता. समुद्र तोच, जेवण आपल्या ओळखीचे, आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला सिंधुदुर्ग पाहायला बोटीचा प्रवास अगदी थोडा. ज्या कुटुंबाकडे चार-पाच दिवसांपेक्षा अधिक रजा नाही त्याला मी आजही हाच पर्याय आधी सांगेन, कारण तेथे एखादी बोट रद्द झाली तरी फार तर एक दुपार जाते. या घरापुरते मात्र आजोबांच्या इच्छेला मालवणचे उत्तर नव्हते.

लक्षद्वीपचाही विचार झाला. तेथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि कोची ते बेटे हा जहाजाचा किंवा अगत्तीपर्यंतचा विमानप्रवास जागेच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो. आठ जणांच्या जागा एकाच वेळी मिळवणे अवघड दिसल्याने तो पर्याय लवकर मागे पडला.

अंदमान निश्चित झाल्यावर तेथे पोहोचायचे कसे, यावर बराच खल झाला. आजोबांचा आग्रह जहाजाचा होता. ज्या मार्गाने कैदी नेले गेले त्या मार्गाने जावे, ही त्यांची भावना होती आणि ती मनापासून होती. चेन्नईहून हे सागरी अंतर सुमारे १,१९० किलोमीटर आणि कोलकात्याहून सुमारे १,२५५ किलोमीटर आहे. प्रवासाला साधारण तीन दिवस लागतात. रक्तदाबाची गोळी रोज घेणारे आजोबा, गुडघ्यांमुळे अरुंद जिने चढू न शकणाऱ्या आजी आणि घाटातील एसटीतसुद्धा मळमळ होणारी थोरली सून यांना घेऊन जाता-येता मिळून सहा दिवस समुद्रावर काढणे मला योग्य वाटले नाही. जहाजांच्या तारखाही फार आधी नक्की होत नाहीत, तर धाकट्या मुलाला रजेचा अर्ज आधीच द्यायचा होता. आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि विमानाला होकार दिला.

विमान मुंबईहून घ्यायचे की चेन्नईहून, हा पुढचा प्रश्न होता. मुंबईला जाणे सवयीचे होते. तरीही अहमदाबाद ते चेन्नई धावणारी नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ या आपल्याच मार्गाने जाते, आणि चेन्नईहून बेटांपर्यंतचे उड्डाण सव्वादोन तासांच्या आसपास आहे. मुंबईहून जाताना बहुतेक वेळा मध्ये विमान बदलावे लागते. पहिल्यांदाच विमानतळ पाहणाऱ्या आठ जणांनी सामानासह विमान बदलण्याची धावपळ करण्यापेक्षा एक दिवस-रात्र रेल्वेत आरामात बसून जावे, असे ठरले. भाडेही त्यामुळे बरेच कमी झाले.

तारखा ठरवण्याचा निर्णय

शिक्षक मुलाला २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला शाळेत हजर राहणे आवश्यक होते. दहावी-बारावीच्या परीक्षांची कामे फेब्रुवारीत सुरू होणार होती. दोन्ही मुलांचे ते शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ष नव्हते, त्यामुळे आठवडाभराची गैरहजेरी भरून काढता येईल, असे वर्गशिक्षकांनी सांगितले. म्हणून २७ जानेवारीला निघून ७ फेब्रुवारीला परतायचे, असा आराखडा तयार झाला. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे नोव्हेंबरअखेर तिकिटे काढली; विमानाची तिकिटे तारखा पक्क्या होताच त्याआधीच घेतली होती.

सर्वांत अवघड निर्णय थोरल्या मुलाचा होता. जानेवारीअखेर थंडीची लाट आली तर केळीवर चरका पडतो, घडांची वाढ थांबते, आणि अशा वेळी रात्री बागेला पाणी देऊन, धूर करून जमिनीची ऊब टिकवावी लागते. हे काम दुसऱ्यावर सोपवून जाणे म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाची जोखीम. त्याने आधी स्वतः मागे राहण्याची तयारी दाखवली होती. घरातील दोन्ही वृद्धांना सांभाळायला दोन कर्ते पुरुष बरोबर असावेत, असे माझे मत होते आणि ते मी स्पष्टपणे मांडले. शेवटी अनेक वर्षे घरी असलेल्या सालदाराबरोबर डिसेंबरमध्ये बसून त्याने प्रत्येक गटाच्या पाण्याचे वेळापत्रक कागदावर लिहून दिले, शेजारच्या शेतातील चुलतभावाला रात्रीच्या देखरेखीसाठी तयार केले आणि मगच तिकिटात आपले नाव घालू दिले.

बेटांवरील दिवसांची मांडणी

येथे एक तत्त्व आम्ही सुरुवातीपासून पाळले: परतीच्या विमानाच्या आदल्या दोन रात्री राजधानीच्या बेटावर असायच्या. बहुतेक तयार सहली शेवटचा दिवस स्वराज द्वीपाच्या किनाऱ्यावर घालवून सकाळच्या बोटीने येतात आणि दुपारचे विमान पकडतात. बोट वेळेवर सुटली तर ते छान जुळते. सुटली नाही तर आठ जणांची विमानाची आणि पुढची रेल्वेची तिकिटे एकदम वाया जातात.

म्हणून क्रम असा ठरला. २८ जानेवारीला चेन्नईत मुक्काम, म्हणजे रेल्वे उशिरा पोहोचली तरी विमान चुकणार नाही. २९ ला श्री विजयपुरम (सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचे हे नाव आहे) आणि त्याच दुपारी सेल्युलर जेल. ३० ला बोटीने स्वराज द्वीप, तेथे तीन रात्री. २ फेब्रुवारीला शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, तेथे एक रात्र. ३ ला परत श्री विजयपुरम, ४ चा दिवस पूर्ण मोकळा आणि ५ ला विमान.

सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी ठेवण्यावर धाकट्या सुनेची हरकत होती, कारण प्रवासाने सर्व जण थकलेले असणार. मी तरीही तो आग्रह धरला. ज्या कारणासाठी सहल निघाली ते कारण हवामानाच्या भरवशावर शेवटच्या दिवसापर्यंत लांबवणे मला धोक्याचे वाटले.

शहीद द्वीपाची तारीख पंचांग पाहून ठरवली. तेथील खडकाची नैसर्गिक कमान पाहायला ओहोटीत उघड्या पडणाऱ्या प्रवाळ-खडकांवरून चालत जावे लागते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, भरती मोठी होते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते; हा जोर प्रत्यक्षात तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो. आमच्या तारखांच्या मधोमध माघ पौर्णिमा येत होती, म्हणून तिच्या दुसऱ्या दिवशी शहीद द्वीपावर असायचे ठरले. तिथीवरून ओहोटी किती खोल जाईल ते समजते. ती किती वाजता येईल हे त्या बंदराच्या तक्त्यातूनच पाहावे लागते, आणि ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. भारतीय सर्वेक्षण विभाग असे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. तक्त्यातील वेळ पाहून, निवासाच्या मालकाला विचारून आम्ही ती पक्की केली.

दिवसाच्या वेळापत्रकातही एक बदल करावा लागला. जळगाव आणि श्री विजयपुरम यांच्या रेखांशांत सुमारे १७ अंशांचे अंतर आहे आणि घड्याळ मात्र एकच. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणजे तेथे सूर्य आपल्यापेक्षा एक तासाहून थोडा अधिक आधी उगवतो. दिवसाच्या लांबीतील फरक धरूनही जानेवारीअखेर तेथील सूर्यास्त साडेपाचच्या आतच होतो. दुपारी जेवून, पडून, पाचला किनाऱ्यावर जाऊ, ही आपली सवय तेथे चालत नाही. म्हणून जेवण बाराच्या आत आणि किनारा तीनला, असे आधीच सर्वांना सांगून ठेवले. आजींना पहाटे उठण्याची सवय असल्याने हे वेळापत्रक सर्वांत जास्त त्यांनाच मानवले.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आम्ही जाणीवपूर्वक वगळल्या. त्यासाठी पहाटेपूर्वीच निघावे लागते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो; वाहने पोलिसांच्या ताफ्यातून सोडली जातात, थांबायला आणि छायाचित्रे घ्यायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही तो वापरात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, पावरा-तडवी आदिवासी कुटुंबांशी रोजचा व्यवहार असणाऱ्या माणसांना यामागचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आजोबांनी तो बेत एका वाक्यात रद्द केला.

तयारी

जळगावच्या डॉक्टरांकडून आजोबा-आजींची तपासणी करून घेतली. नेहमीच्या गोळ्या परतीच्या तारखेपुढे चार दिवस पुरतील इतक्या घेतल्या आणि त्या हातातील पिशवीत ठेवल्या. बोट लागू नये म्हणून द्यायची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही, ती बोटीत बसण्यापूर्वी घ्यावी लागते. ती कोणाला चालेल आणि कोणाला नाही हे डॉक्टरांनीच ठरवून दिले. बोटीतील जागा मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घेतल्या, कारण नाळेपेक्षा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापेक्षा, तेथे हेलकावे कमी जाणवतात.

मुलांच्या बाबतीत वडिलांना स्वतंत्रपणे सांगावे लागले. दोघेही विहिरीत पोहायला शिकलेली होती आणि त्यांना त्याचा आत्मविश्वास होता. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. समुद्रात परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. काही किनाऱ्यांवर आणि खाड्यांच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असल्याने इशाऱ्याच्या पाट्या आहेत. जीवरक्षक आहेत तेथेच आणि त्यांनी दाखवलेल्या हद्दीतच उतरायचे, हा नियम घरातून निघण्यापूर्वीच ठरला. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे गोळा करायचे नाहीत, हेही सांगितले. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासले जाते.

आजींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा बांधून घेतला. रेल्वेचा सगळा प्रवास आणि चेन्नईचा दिवस त्यावर निघाला. बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची वस्ती मोठी असल्याने भात-मासळी सर्वत्र मिळते. शाकाहारी जेवणही मिळते, पण ते आधी सांगून ठेवलेले बरे.

प्रत्यक्षात काय घडले

पहिले सात दिवस आखणीप्रमाणे पार पडले, म्हणून त्यांविषयी फार लिहीत नाही. सेल्युलर जेलविषयी मात्र लिहायला हवे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या मूळ सात पाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. बाबाराव आणि विनायक सावरकर हे बंधू एकाच तुरुंगात असूनही दीर्घकाळ एकमेकांना भेटू शकले नव्हते, हे मार्गदर्शकाने सांगितले तेव्हा आजोबा एका कोठडीसमोर बराच वेळ उभे राहिले. आजींना जिने चढणे शक्य नव्हते. त्या अंगणात पिंपळाजवळ बसल्या आणि संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम सर्वांनी एकत्र पाहिला. शहीद द्वीपावर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी अपेक्षेप्रमाणे खोल गेली आणि मुले खडकांमधील साचलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या व लहान मासे पाहत कमानीपर्यंत चालत गेली.

३ फेब्रुवारीला सकाळी वारा वाढला. आकाश मोकळे होते, पाऊस नव्हता, म्हणून घरातील कोणालाच काही वेगळे वाटले नाही. अकराच्या सुमारास धक्क्यावर पोहोचल्यावर त्यांची खासगी बोट रद्द झाल्याचे कळले. कोरड्या हंगामातही वारा सलग काही तास जोराने वाहिला की समुद्र खवळतो आणि बंदर प्रशासन बोटी थांबवते.

धाकट्या मुलाने मला दूरध्वनी केला तेव्हा त्याच्यासमोर तीन मार्ग होते. धक्क्यावर एक माणूस लहान बोटीने सोडून देण्याची तयारी दाखवत होता. विमानाची तारीख पुढे ढकलणे हा दुसरा मार्ग, पण त्यासाठी मोठा फरक भरावा लागला असता आणि पुढची रेल्वेही गेली असती. तिसरा मार्ग म्हणजे तेथेच रात्र काढणे आणि दुसऱ्या दिवशीची पहिली बोट मिळवणे. पहिल्या मार्गाचा विचारसुद्धा करू नये, असे मी सांगितले. मोठ्या बोटी ज्या समुद्रात सोडल्या जात नाहीत त्यात लहान बोटीने आठ जणांनी जाणे हा जीवाशी खेळ आहे. थोरला मुलगा तोवर अस्वस्थ झाला होता, कारण आदल्या रात्री गावाकडे पारा बराच उतरल्याचा निरोप आला होता आणि एक दिवसाचाही उशीर त्याला नको होता. पण ५ तारखेच्या विमानाला अजून दोन दिवस आहेत, हे कागदावर दिसत होते. त्यामुळे निर्णय शांतपणे झाला. निवासाच्या मालकाने खोल्या रिकाम्या असल्याने आणखी एक रात्र राहू दिले.

४ तारखेला धाकटा मुलगा पहाटे सरकारी बोटीच्या तिकीट खिडकीवर जाऊन रांगेत उभा राहिला. आदल्या दिवशी अडकलेले सगळेच तेथे होते. सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ असल्याने आठही तिकिटे मिळाली. बोट हळू होती, डेकवर वारा होता, थोरल्या सुनेला त्रास झाला, पण दुपारपर्यंत सर्व जण श्री विजयपुरमला पोहोचले. ५ ला विमान, पुढे रेल्वे, आणि ७ ला ठरल्याप्रमाणे घर.

निष्पत्ती

राखून ठेवलेला मोकळा दिवस पूर्णपणे खर्च झाला. त्या दिवशी नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, म्हणजे पूर्वीचे रॉस बेट, पाहण्याचा बेत होता; तो राहून गेला. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळाले. जादा रात्र आणि जेवण यांचा खर्च झाला, परंतु विमान आणि रेल्वेची तिकिटे चुकली असती तर त्याच्या कित्येक पट नुकसान झाले असते. आजोबांच्या गोळ्या पुरल्या.

केळीच्या बागेत सालदार आणि चुलतभाऊ यांनी दोन रात्री जागून पाणी दिले. कडेच्या काही ओळींवर चरका पडला, बाकी बाग सुखरूप राहिली. एका गटाची कापणी मात्र लांबली, कारण व्यापाऱ्याला भाव ठरवायला थोरल्या मुलाशीच बोलायचे होते आणि बोटीवर असताना त्याचा दूरध्वनी लागत नव्हता.

वेगळे काय करता आले असते

मोकळा दिवस एकच ठेवला होता. या वेळी तो पुरला, कारण वारा एका दिवसात ओसरला. वृद्ध माणसे बरोबर असतील आणि पुढची रेल्वे निश्चित तारखेची असेल, तर असे दोन दिवस ठेवावेत आणि त्यासाठी स्वराज द्वीपावरील एक रात्र कमी करावी, असे मी यापुढे सुचवेन. या कुटुंबाला स्वराज द्वीपावरील तिसरा दिवस फारसा लागलाही नाही. तो बहुतांश खोलीच्या ओसरीवर गेला.

हवामान पाहण्याची पद्धत बदलता आली असती. घरातील सगळे रोज मोबाईलवर पावसाचा अंदाज पाहत होते आणि तो कोरडा दिसत असल्याने निश्चिंत होते. समुद्रप्रवासासाठी वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची पाहावी लागते. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था लाटांचा अंदाज देते. तो २ तारखेला पाहिला असता, तर त्याच दुपारच्या बोटीने निघण्याचा विचार तरी करता आला असता. अर्थात मग कमान पाहायची राहिली असती, आणि मुलांना काय आवडले असते हे उघड आहे.

आजोबा-आजींनी शहीद द्वीपावर न जाता श्री विजयपुरमलाच राहावे, असा एक पर्याय नियोजनाच्या वेळी चर्चेत आला होता आणि आजींनीच तो नाकारला होता. ३ तारखेला कुटुंब दोन बेटांवर विभागले गेले असते तर चिंता दुप्पट झाली असती. त्यामुळे सर्वांनी एकत्र राहण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, मात्र धक्क्यावरील चढ-उतारासाठी आजींकरिता चाकांच्या खुर्चीची सोय आधी विचारून ठेवायला हवी होती. दोन्ही मुलग्यांनी त्यांना हाताला धरून फळीवरून चढवले, आणि हेलकावणाऱ्या बोटीत ते सोपे गेले नाही.

शेतीच्या बाबतीत पाण्याचे वेळापत्रक लिहून दिले, त्याचप्रमाणे कापणीचा व्यवहारही निघण्यापूर्वी मिटवता आला असता, किंवा भाव ठरवण्याचा अधिकार चुलतभावाला देऊन व्यापाऱ्याला तसे कळवता आले असते. थोरल्या मुलाने पुढच्या वर्षीसाठी दुसरा मार्ग निवडला आहे. आई-वडिलांना घेऊन मालवणला जायचे त्याने ठरवले आहे, तेही कापणीच्या दोन फेऱ्यांमधील मोकळ्या आठवड्यात, आणि सिंधुदुर्गाची बोट पहिल्याच सकाळी घ्यायची असे त्याने मला सांगून ठेवले आहे.